शिरोरेषा, जागा आणि मलपृष्ठ : आमची वाटचाल

नारायण पेठेतल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर अजूनही ‘डीटीपी, लग्नपत्रिका, अहवाल छपाई’ एवढंच लिहिलेलं आहे. गेली दहा-बारा वर्षं आमचं पोट वेबसाइटींवर चालतंय. पण पाटी बदलायची म्हटलं की सौ. म्हणते, ‘आधी वरचा पत्रा बदला, गळतोय.’ दोन्ही राहून गेलंय.

सुरुवात १९९८ ची. एक संगणक, एक लेझर प्रिंटर, मराठी टायपिंगचं श्री-लिपी सॉफ्टवेअर आणि मी. अप्पा बळवंत चौक पाच मिनिटांवर, त्यामुळे गाइडं आणि शालेय पुस्तकं वर्षभर यायची, पावसाळ्यात दिवाळी अंक, आणि श्रावण लागला की गणेश मंडळांचे अहवाल. अहवालात मजकूर चार पानं आणि जाहिराती चाळीस. पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान असे दर ठरलेले. मलपृष्ठ सगळ्यांत महाग. कार्यकर्ते शेवटच्या रात्रीपर्यंत जाहिराती गोळा करत, आणि मी डमी, म्हणजे पानांचा कच्चा आराखडा, लावून बसलेला असायचो. जाहिरात आली नसली तरी तिची चौकट मोकळी सोडायची आणि आत पेन्सिलीने लिहायचं : ‘तांब्याची भांडी, अर्धं पान’. नाहीतर ऐन वेळी जाहिरात आली की पुढची सगळी पानं सरकणार. ही पेन्सिलीची चौकट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०१२ च्या सुमारास अहवाल आटले, पत्रिका व्हॉट्सॲपवर जायला लागल्या. तेव्हाच भाचा शिक्षण संपवून पुण्यात आमच्याकडे राहायला आला. नोकरी मिळेपर्यंत बसतो म्हणाला तो आजतागायत बसलाय. त्याने वर्डप्रेस आणलं, वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एरंडवण्यातल्या एक काकू. पाककृतींच्या तीन वह्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘पुस्तक नको, कपाटात पडून राहतं. मला ते इंटरनेटवरचं करून द्या.’

थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, निवडताना आम्ही जी चूक केली ती बहुतेक जण अजूनही करतात. डेमो बघून भाळलो. डेमोत कुठल्यातरी परदेशी कॅफेचे फोटो, लाकडी टेबलं, वर सरकणारी चित्रं, ऐसपैस अंतर सोडून लिहिलेली इंग्रजी शीर्षकं. पंचेचाळीस डॉलर मोजले. तिथे काकूंचं ‘उकडीचे मोदक’ टाकलं आणि मी खुर्चीतून उठलोच. शिरोरेषा तुटलेली! प्रत्येक अक्षर वेगळं, जणू दोरीवर वाळत घातलेलं. लग्नपत्रिकेत असं झालं असतं तर मुलीच्या वडिलांनी गठ्ठा माझ्या अंगावर भिरकावला असता.

कारण साधं होतं. थीम करणाऱ्याने शीर्षकांना दोन पिक्सेलचं लेटर-स्पेसिंग दिलं होतं. इंग्रजीत ते भारदस्त दिसतं; आपल्या लिपीत अक्षरं वरून जोडलेली, त्यामुळे अंतर पडलं की रेघ तुटते. भाच्याने शून्य केलं, रेघ जुळली. मग दिसलं की ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाचं, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत आणि रफारात अडकतायत. ते वाढवलं. मग लक्षात आलं की थीमच्या सुंदर फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या फोनमधल्या फॉन्टमध्ये दिसतोय, कुणाला ठसठशीत, कुणाला किडमिडीत. फॉन्ट बदलला. तीन दिवस गेले, थीम माणसात आली. आणि महिन्याभराने थीमचं अपडेट आलं, भाच्याने बटण दाबलं, आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं. आम्ही मूळ फाइलीतच हात घातला होता. आपले बदल वेगळ्या चाइल्ड थीममध्ये ठेवायचे असतात, म्हणजे अपडेट आलं तरी त्यांना धक्का लागत नाही, हे त्या दिवशी शिकलो. भाचा म्हणाला, ‘मामा, हे मला माहीत होतं.’ माहीत होतं तर केलं का नाहीस, असं मी विचारलं नाही, सौ. ने विचारलं.

तेव्हापासून आम्ही डेमो बघत नाही. आमच्याकडे मराठी मजकुराचं एक पान आहे, त्यात मुद्दाम अडचणीचे शब्द भरलेत : कुऱ्हाड, वाङ्मय, मूर्ती, स्त्रीत्व, ज्ञानेश्वर, शृंगार. कुठलीही थीम आली की आधी हे पान तिच्यात ओतायचं. साइटची भाषा मराठी ठेवली आहे ना, तेही बघायचं. कारण ज्या फॉन्टमध्ये सोय असते त्यात भाषा मराठी सांगितली तरच आपल्या वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात, नाहीतर हिंदीचे येतात. कुणाला कळतं, असं भाचा म्हणायचा. काकूंना कळलं. ‘हा ल माझा नाही,’ म्हणाल्या.

पत्त्यांचीही एक गंमत. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता आपोआप बनवतं. पण देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, अगदी काना-वेलांटीसुद्धा, त्या पत्त्यात नऊ चिन्हांची जागा खातं आणि मर्यादा आहे २०० चिन्हांची. त्यामुळे ‘उपवासाची साबुदाण्याची खिचडी’ हा पत्ता ‘खि’वर येऊन थांबला. आता पत्ते रोमन लिपीत, छोटे, हाताने लिहितो.

मग सगळं फोनवर बघायचं, आणि तेही आमच्या मोठ्या फोनवर नव्हे. दुकानात डिलिव्हरीला येणाऱ्या मुलाचा जुना फोन आम्ही विकत घेऊन ठेवलाय, काचेला तडा गेलेला. २०१६ ला जिओ आलं आणि दोन वर्षांत काकूंचा निम्म्याहून जास्त वाचक अशाच फोनवरून यायला लागला. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल मुळात जड, त्यात सरकती चित्रं आणि पन्नास सोयी असलेली थीम म्हणजे बैलगाडीला शिडं लावण्यासारखं. आम्ही फॉन्टची दोनच वजनं ठेवतो, साधं आणि ठळक. सरकती चित्रं कुणी मागितली तर देतो, पण तोंड वाकडं करून.

२०१५ मधली एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. एका ट्रेकिंगवाल्या मंडळींना स्वस्तात साइट हवी होती. आमच्या ओळखीच्या एकाने पेन ड्राइव्हवर महागाची थीम फुकट दिली, ‘सगळे हीच वापरतात’ म्हणून. राजगडाच्या पानाखाली, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, कसल्यातरी औषधी गोळ्यांच्या लिंक निघाल्या. वाचकाला दिसत नव्हत्या, सर्च इंजिनांना दिसत होत्या. थीमच्या एका फाइलीत अगम्य अक्षरांची लांबलचक ओळ होती, ती हे उद्योग करत होती. ब्राउझरने लाल पडदा टाकून साइट धोकादायक ठरवली. सगळं पुसून, पासवर्ड बदलून, नव्याने उभं करायला तीन रात्री गेल्या. त्या तीन रात्रींचं बिल लावायचं तोंड आम्हाला नव्हतं. आता वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातली थीम, नाहीतर करणाऱ्याकडून पावती घेऊन विकत. आणि शेवटचं अपडेट कधीचं आहे ते आधी बघायचं. वर्षभर हात न लागलेली थीम म्हणजे कुलूप असलेलं दुकान.

आता जाहिराती. काकूंना त्यांची हौस नव्हती, त्यांच्या मुलाला होती. पण साइटवर जाहिराती लावून पैसे देणाऱ्या गूगलच्या ॲडसेन्सला तेव्हा मराठी येत नव्हती. हिंदी त्यांनी २०१४ च्या शेवटी घेतली, मराठीला आणखी काही वर्षं लागली. तोपर्यंत काय करायचं? मी म्हटलं, अहवालासारखं करू. अहवालाच्या दिवसांतले तांबट आळीतले एक भांडीवाले शेठ ओळखीचे होते. त्यांना साइट दाखवली.

‘किती लोक बघतात?’

सांगितलं.

‘आणि दाबतात किती?’

तेही सांगितलं. आकडा लहान होता. शेठनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘अहवाल कोण दाबत होतं? चालेल. पण मला मलपृष्ठ पाहिजे.’ वेबसाइटला मलपृष्ठ नसतं हे समजवायला एक चहा पुरला नाही. शेवटी दरमहा ठरावीक रक्कम, काकूंच्या सगळ्या पाककृतींखाली एक पट्टी, असं ठरलं. नंतर एक मसालेवाले आले, एक दूधवाले आले. ही थेट मिळालेली जाहिरात लहान साइटला अजूनही जास्त देते, असं माझं मत आहे; फक्त ती मिळवायला चपला झिजवाव्या लागतात. आणि पैसे घेतले तर वर ‘जाहिरात’ असं स्वच्छ लिहायचं, लिंकलाही ‘प्रायोजित’ची खूण लावायची. खूण न लावता मजकुरात लिंक घुसडायला पैसे देऊ करणाऱ्यांच्या मेल आठवड्याला येतात. त्या भाचा मोठ्याने वाचून दाखवतो आणि पुसतो.

पुढे मराठीला ॲडसेन्स मिळालं. दहा डॉलर जमले की घरच्या पत्त्यावर पोस्टाने पिन येतो, तो भरल्याशिवाय पैसे नाहीत; आणि शंभर डॉलर होईपर्यंत खात्यात काही जमा होत नाही. काकूंच्या पिनची वाट बघण्यात अख्ख्या सोसायटीने भाग घेतला. आणि घात झाला तो इथेच. काकूंचं गोकुळ मोठं. नागपूरचे भाचे, मुंबईच्या नणंदा, अमेरिकेतला मुलगा. सगळ्यांनी प्रेमाने रोज जाहिराती दाबायला सुरुवात केली, ‘काकूला चार पैसे मिळू देत.’ खातं बंद झालं. दोष कुणाला द्यायचा? स्वतःच्या जाहिराती दाबायच्या नाहीत, घरच्यांनाही दाबायला सांगायचं नाही, हा नियम आम्हाला पाठ होता आणि आम्ही तो काकूंना सांगितला नव्हता. घडलं ते सगळं खरंखरं लिहून अर्ज केला. खातं परत मिळालं. काकूंनी कुटुंबाच्या ग्रुपवर जो संदेश टाकला तो इथे छापण्यासारखा नाही.

मग जागेचा प्रश्न. एके काळी एका पानावर तीनच जाहिरातींची मर्यादा होती, ती २०१६ मध्ये उठली आणि लोक सुटले. भाच्याने हौसेने आपोआप जागा शोधणाऱ्या जाहिराती चालू केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काकूंचा फोन : ‘साहित्य आणि कृतीच्या मधे जाहिरात आली आहे. माझी सासूसुद्धा मधे येत नसे.’ त्यापेक्षा वाईट म्हणजे पान उड्या मारत होतं. वाचणारी बाई ‘एक वाटी रवा’पर्यंत येते, तेवढ्यात वर उशिरा जाहिरात उमटते, ओळ खाली सरकते आणि पिठाचं बोट नको तिथे पडतं.

मी पडद्याकडे बघत होतो आणि मला अहवालाची डमी आठवली. भाच्याला म्हटलं, जाहिरात येवो न येवो, चौकट आधी सोडून ठेव. तो म्हणाला, ‘हो मामा, किमान उंची देता येते.’ ३०० बाय २५० ची जाहिरात येणार असेल तर तेवढी उंची राखून ठेवायची, आत फिकट अक्षरांत ‘जाहिरात’. उड्या थांबल्या. पुढे गूगलने पान किती हलतं याचंच मोजमाप आणलं, आकडा ०.१ च्या आत हवा म्हणून. आम्ही आत होतो, पेन्सिलीच्या कृपेने.

आमच्या जागा आता ठरलेल्या आहेत. पहिल्या फोटोच्या वर काही नाही. साहित्य-कृती एकसंध. एक चौकट कृतीनंतर, एक टिपांनंतर, तळाला थेट जाहिरातीची पट्टी. फोनवर मजकुराच्या उंचीच्या तीस टक्क्यांहून जास्त जाहिराती असल्या तर ‘बेटर ॲड्स’ या जाहिरात-उद्योगातल्या गटाच्या मानकांत ते त्रासदायक ठरतं आणि २०१८ पासून क्रोम अशा साइटींच्या जाहिराती अडवू शकतं; आम्ही त्याच्या अर्ध्यावरही जात नाही. कुठल्या प्रकारच्या जाहिराती नकोत तेही निवडता येतं. आषाढी एकादशीला साबुदाणा वड्यांखाली चिकन मसाला झळकला, तेव्हापासून आम्ही ती यादी सणवार बघून तपासतो. पत्त्यांचे जुगार आणि झटपट कर्ज कायमचे बंद. त्यामुळे उत्पन्न कमी होतं. होऊ दे.

उत्पन्नाचं विचाराल तर दिवाळीच्या आधी बरं, जानेवारीत कोरडं. नवे लोक येतात आणि पहिल्याच भेटीत ‘महिन्याला किती सुटतील?’ विचारतात. मी त्यांना काकूंचा पहिला शंभर डॉलरचा टप्पा किती महिन्यांनी आला ते सांगतो : सात. निम्मे तिथेच उठतात. जाहिरातीच्या पैशात आम्ही टक्का घेत नाही, देखभालीची ठरलेली फी घेतो. टक्का घेतला असता तर चौकटी वाढवायचा मोह मलाही झाला असता.

मागच्या महिन्यात काकूंची थीम बदलली. जुन्या थीमने चौकटी कंसातले स्वतःचे खास शॉर्टकोड मजकुरात पेरले होते. ती थीम काढताच एकशे ऐंशी पाककृतींमध्ये ते कंस उघडे पडले, ते सौ. ने दुपारी बसून एकेक साफ केले. नवी थीम साधी आहे, चित्रं सरकत नाहीत. आमच्या पानावरचं ‘वाङ्मय’ नीट आलं, तडा गेलेल्या फोनवर पान पटकन उघडलं. काकूंनी ‘ल’ तपासला.

भांडीवाले शेठ आता थकलेत, मुलगा व्यवहार बघतो. पण नूतनीकरणाला तेच येतात, आणि दर वर्षी विचारतात, ‘मलपृष्ठ माझंच ना?’ भाच्याने बिलाच्या नमुन्यात तळाच्या पट्टीचं नाव आता बदलून टाकलंय. ‘मलपृष्ठ, बारा महिने, अधिक १८ टक्के जीएसटी’.