मेलोफोनची वही, आठवडे ९ ते १६: खालचे नऊ डेसिबल

मागच्या नोंदीत मी छाती फुगवून लिहिलं होतं की मेलोफोनवर (मार्चिंग बँडमधलं पितळी फुंकवाद्य) माझा फोर्टिसिमो, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, ९८ डेसिबलला पोचलाय. आकडा खोटा नव्हता. गॅरेजमध्ये तीन मीटरवर स्टँड, स्टँडवर फोन, फोनमध्ये नायॉशचं (कामगारांच्या आरोग्यासाठीची अमेरिकी सरकारी संस्था) आवाज मोजणारं अ‍ॅप. फक्त त्या दिवशी पियानिसिमो, म्हणजे सगळ्यात हळू आवाज, मोजायचं सुचलं नव्हतं. नवव्या आठवड्यात सुचलं. तो निघाला ८२.

म्हणजे माझ्या सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात अंतर किती, तर १६ डेसिबल. मी ज्याला हळू म्हणत होतो ते बायकोच्या मते "जरा कमी जोरात" होतं.

नवीन आलेल्यांसाठी: राहतो इंडियानापोलिसजवळ, वय ४३, चौदा हौशी ब्रासवाल्यांचा (पितळी फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांचा) आमचा गट, दर रविवारी सकाळी एका शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये सराव. डीसीआय म्हणजे ड्रम कोअर इंटरनॅशनल, चालत ब्रास आणि तालवाद्यं वाजवणाऱ्या पथकांची, म्हणजे 'कोअर'ची, स्पर्धा. तिथल्या मुलांची वयोमर्यादा २२ची, त्यामुळे खऱ्या कोअरमध्ये शिरायचा प्रश्नच नाही.

जोराचं वेड मला लागलं ते इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये. २००९पासून डीसीआयच्या फायनल्स तिथेच होतात. वरच्या मजल्यावरून पहिल्यांदा हॉर्नलाइनचा (कोअरमधल्या सगळ्या ब्रासवाल्यांचा) 'हिट', म्हणजे सगळ्यांनी एकदम जोरात वाजवलेली जागा, ऐकला तेव्हा बरगड्या हलल्या होत्या. मग घरी येऊन मॅडिसन स्काउट्स या कोअरने १९८८ला वाजवलेलं मालागेन्या ऐकत बसायचो. तेव्हा जी सुरातले बिगुल असायचे. कुठल्याही सुरातली वाद्यं चालतील असा नियम २००० सालापासूनचा. १९८८चं वर्ष स्काउट्सनी जिंकलं आणि माझ्या डोक्यात समीकरण पक्कं झालं: जोर म्हणजे कोअर.

आमचे ब्रास शिकवणारे गृहस्थ निवृत्त बँड डायरेक्टर आहेत. मी त्यांना १६चा आकडा सांगितला तर त्यांनी फोनकडे पाहिलंही नाही. म्हणाले, वरचं छत सोड, तळघर खण.

छताचं गणित मी घरी येऊन केलं. सारख्या ताकदीचे वाजवणारे दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, दहापट केले की १०ने. कानाला दुप्पट वाटायलाही साधारण १० लागतात. म्हणजे ८० जणांची हॉर्नलाइन आम्हा चौदा जणांपेक्षा कागदावर जेमतेम साडेसात डेसिबलने मोठी. कानाला दुप्पटसुद्धा नाही! मग त्या बरगड्या कशाने हलल्या? काही अंशी ८० जण एका सुरात आणि एका क्षणी वाजवतात म्हणून. बाकी त्या हिटच्या आधीच्या चार मात्रांत स्टेडियम श्वास रोखून बसलेलं होतं म्हणून. मला हिट आठवत होता, त्या चार मात्रा आठवत नव्हत्या.

कॉलेजात असताना मी पुण्यात ढोल वाजवलाय, तेव्हा हे कळायला हवं होतं. एकटा ताशा तडतडत असतो, ढोलवाले टिपरू उगारून थांबलेले असतात, आणि मग जो पहिला ठोका पडतो त्यावर लोक ओरडतात. दहाव्या मिनिटाला तेवढ्याच जोराने पडणाऱ्या ठोक्यावर कुणी ओरडत नाही. मी मात्र दहाव्या मिनिटालाही सगळ्यात जोरात वाजवणाऱ्यांपैकी होतो.

तर तळघर. पहिले दोन आठवडे एकच काम: जीभ न लावता, नुसत्या हवेने मधला एफ सुरू करायचा. हवा जाते, ओठ हलत नाहीत, फुस्स. परत हवा, परत फुस्स, आणि मग एकदम सूर फुटतो तो चांगला मोठा, दार ढकलत असताना कुणी आतून उघडावं तसा. अकराव्या आठवड्यात कळलं की मी हळू वाजवण्यासाठी हवा कमी करत नव्हतो, ओठ आवळत होतो. ओठांतली फट लहान पण मऊ ठेवायची, हवा थोडी पण न थांबता जाऊ द्यायची. तेव्हापासून दहातले सहा सूर धुरासारखे अलगद सुरू होतात. उरलेले चार फुस्स.

ट्यूनरने आणखी एक लाज काढली. पियानिसिमोत मी १५ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरतो, फोर्टिसिमोत १२ चढतो. एकट्याला हे कळत नाही. चौदा जण मिळून आवाज चढवतात आणि प्रत्येक जण आपापल्या वाटेने वर सरकतो, तेव्हा कॉर्ड मोठी व्हायच्या ऐवजी फाटते. मी ज्याला पॉवर समजत होतो त्यातलं बरंचसं हे फाटणंच होतं.

शिवाय ब्रासमध्ये जोर हा नुसता आकडा नसतो, रंगही असतो. जोरात फुंकलं की नळीतली ध्वनिलहर पुढे जाता जाता कडक होत जाते, वरचे स्वरांश वाढतात आणि आवाजाला पितळी धार येते. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या सरळ नळीत ही धार लवकर येते, मेलोफोन-युफोनियमच्या रुंदावत जाणाऱ्या नळीत जरा उशिरा. म्हणूनच रेकॉर्डिंग कितीही बारीक करून ऐकलं तरी फोर्टिसिमो तो फोर्टिसिमोच कळतो. याचा उलटा फायदा स्टेडियममध्ये होतो. हजारो माणसांच्या कुजबुजीत खरा पियानिसिमो वरच्या मजल्यावर पोचतच नाही. तिथे मध्यम आवाजच, पण बिनधारेचा वाजवला, तर लोकांना तो हळू वाटतो.

क्रेसेंडोचा आलेख फोनवर पाहिला आणि हसू आलं. साठच्या लयीत आठ मात्रा चढायचं, आठ उतरायचं. माझं चढणं तिसऱ्या मात्रेलाच संपलेलं, पुढे सपाट पठार. उतरताना तर पायरीच नाही, सरळ कडा. आता चढताना पाचव्या मात्रेपर्यंत मुद्दाम कंजुषी करतो आणि शेवटच्या दोन मात्रांत हात सैल सोडतो. चढ जमला. कडा अजून आहे.

तेराव्या आठवड्यात चालणं जोडलं आणि सगळं मुसळ केरात. आठ पावलांत पाच यार्ड, म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचं. फोर्टिसिमोत टाच कशीही आपटली तरी खपून जाते. हळू सुरात प्रत्येक टाच ऐकू येते: हुं-हुं-हुं, जीपमध्ये बसून गायल्यासारखं. टाचेपासून बोटांपर्यंत पाऊल लोळवत न्यायचं हे पुस्तकी ज्ञान पहिल्यांदा पोटऱ्यांना समजलं.

या दिवसांत स्टार ऑफ इंडियाना या कोअरचा १९९३चा शो पुन्हा लावला. बार्बर आणि बार्टोक या संगीतकारांच्या रचना. पूर्वी मी तो कंटाळून अर्ध्यावर बंद केला होता, आणि त्या काळी बऱ्याच प्रेक्षकांचंही तसंच झालं होतं. कॅडेट्स या दुसऱ्या कोअरकडून ते ०.१ गुणाने हरले आणि त्या मोसमानंतर त्यांनी स्पर्धाच सोडली. या वेळी हेडफोन लावून ऐकताना हळू जागांमध्ये सूर कसे सुरू होतात तेवढंच टिपत गेलो. फुस्स एकही नाही.

जाता जाता: २००४ला अँप्लिफिकेशन आणि २००९ला सिंथेसायझर आल्यापासून मोठ्या हिटखाली जो इलेक्ट्रॉनिक खर्ज ओततात, त्याला इथले चाहते वैतागून 'गू' म्हणतात. इंग्रजीत त्याचा अर्थ चिकट, लिबलिबीत पदार्थ. लॉटमध्ये तो शब्द निघाला की मी एकटाच खाली बघून हसत असतो. मराठी अर्थ अजून कुणाला सांगितलेला नाही, पण माझं मत त्याच्याशी जुळतं.

सोळाव्या आठवड्याचं मोजमाप, तेच गॅरेज, तोच स्टँड: फोर्टिसिमो ९७, पियानिसिमो ७३. वरून एक गेला, खालून नऊ आले. अंतर २४. त्या गेलेल्या एकाचं मला दोन दिवस वाईट वाटलं, हे कबूल करतो.

कानांचा हिशोबही लिहून ठेवतो. नायॉशची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९७ला अर्धा तास. माझ्या वाद्याची बेल, म्हणजे रुंद तोंड, पुढे असते, पण माझ्या मागे ट्रम्पेट उभे असतात. इअरप्लग आता केसमध्येच ठेवतो.

गेल्या रविवारी सरांनी शेवटची कॉर्ड धरायला लावली आणि एकेकाला बोटाने गप्प करत नेलं. चौदाचे नऊ झाले, नवाचे पाच. पाचांत मी होतो. तिघे उरलो तेव्हा मागच्या रस्त्यावरून जाणारी गाडी ऐकू आली, आणि दोन मात्रांनी माझा सूर फुस्स झाला. पुढच्या नोंदीपर्यंत उतरणीचा तो कडा, रोज वीस मिनिटं.