यूजर एजंट बदलला, ओळख मात्र लपली नाही : माझा अनुभव

यूजर एजंट, म्हणजे ब्राउझर कोणता आणि कोणत्या सिस्टीमवरचा हे साइटला सांगणारी ओळ, बदलायला पाच मिनिटं लागतात. पण त्यानंतर एका साइटने 'तुम्ही माणूस आहात याची खात्री करा' म्हणत मला जे पुन्हा पुन्हा अडवलं, त्याची चीड अजून गेलेली नाही. खासगीपणा जपायचा म्हणून हा उपाय करायच्या विचारात असाल, तर आधी हे वाचा.

मी लिनक्सवर फायरफॉक्स वापरतो. पत्त्याच्या जागी 'अबाउट:कॉन्फिग' लिहायचं, इशारा स्वीकारायचा आणि 'जनरल.यूजरएजंट.ओव्हरराइड' शोधायचं. ही नोंद आधीपासून नसते. 'स्ट्रिंग' निवडून अधिकच्या चिन्हावर क्लिक करायचं आणि विंडोजवरच्या क्रोमची ओळ तिथे चिकटवायची. एवढंच.

गाडी अडली ती इथून पुढे. डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये हेडर, म्हणजे विनंतीसोबत साइटला जाणारी माहिती, बदललेला दिसला, पण साइट काही फक्त हेडर वाचून थांबत नाही. एफ12 दाबून कन्सोलमध्ये (जिथे जावास्क्रिप्टने ब्राउझरला प्रश्न विचारता येतात) 'नॅव्हिगेटर.प्लॅटफॉर्म' विचारलं, तर उत्तर लिनक्सच. 'नॅव्हिगेटर.ओएससीपीयू' हा गुणधर्म क्रोममध्ये नसतोच, माझ्याकडे तो हजर. 'प्रॉडक्टसब' क्रोममध्ये 20030107 असतो, फायरफॉक्समध्ये 20100101. माझा अर्थातच दुसरा. 'व्हेंडर' क्रोममध्ये गूगलचं नाव सांगतो, माझ्याकडे रिकामा. शिवाय खरा क्रोम सुरक्षित जोडणीवर 'सेक-सीएच-यूए' नावाचे वेगळे हेडर स्वतःहून पाठवतो. फायरफॉक्स ते पाठवत नाही, त्यामुळे नसलेला हेडरही चुगली करतो. त्याआधी टीएलएसची, म्हणजे सुरक्षित जोडणी होते तेव्हा ब्राउझर एन्क्रिप्शनचे पर्याय कोणत्या क्रमाने मांडतो, यावरूनही तो कोणता हे ओळखता येतं. आणि त्या वेळी यूजर एजंट सर्व्हरपर्यंत पोचलेलाही नसतो. विंडोजचा सेगो यूआय फाँट माझ्याकडे नाही, तेही मोजता येतं.

म्हणजे लिनक्सवरचा साधा फायरफॉक्स होतो तेव्हा माझ्यासारखे पुष्कळ होते. 'क्रोम म्हणवणारा, पण क्रोमसारखा न वागणारा' झालो आणि गर्दीतून वेगळा पडलो. बॉट (आपोआप साइट उघडणारे प्रोग्राम) स्वतःची ओळख नेमकी अशीच बदलतात, म्हणून पडताळणी मागे लागते.

काळाबरोबर हे आणखी बिघडतं. ब्राउझरची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते, चिकटवलेली ओळ मात्र तिथेच राहते. सहा महिन्यांनी ती आवृत्ती वापरणारे फारच थोडे उरतात.

यूजर एजंट निरुपयोगी माहिती आहे असं नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या 2010 च्या अभ्यासात त्यातून सुमारे 10 बिट माहिती मिळत होती, म्हणजे साधारण हजारात एक इतकी ओळख. आता क्रोमने स्वतःच ती ओळ आटोपशीर केली आहे. विंडोज 11 असलं तरी तिथे 'विंडोज एनटी 10.0' असंच दिसतं. आयपी पत्ता, कुकी आणि लॉगिन यांना तर या बदलाने धक्काही लागत नाही.

एक्स्टेन्शन वापरणार असाल तर कन्सोलमध्ये तपासा: काही एक्स्टेन्शन फक्त हेडर बदलतात, जावास्क्रिप्टला खरं उत्तर मिळतच राहतं.

खरंच माग टाळायचा असेल तर टॉर ब्राउझर घ्या. तिथे सगळ्यांना एकसारखं दिसण्यावर भर असतो. त्याच्या खिडकीचा आकार बदलू नका आणि वर एक्स्टेन्शन चढवू नका. फायरफॉक्समध्येच राहायचं तर 'प्रायव्हसी.रेझिस्टफिंगरप्रिंटिंग' चालू करा. मग वेळ यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळ) दिसेल आणि कॅनव्हास (पानावर चित्र काढायची सोय) वापरणाऱ्या काही साइट बिघडतील, पण एकमेकांशी जुळणाऱ्या बऱ्याच गोष्टी एकदम झाकल्या जातात. त्याच्या जोडीला यूजर एजंट हाताने बदलू नका.

एखादी साइट केवळ ब्राउझरच्या नावावरून नकार देत असेल, तर मात्र हा बदल जरूर करा. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्सच्या 'नेटवर्क कंडिशन्स'मध्ये तो करता येतो आणि डेव्हलपर टूल्स उघडी असेपर्यंत त्या टॅबपुरताच राहतो. फायरफॉक्समधली नोंद काढायला तिच्यासमोरचं कचरापेटीचं चिन्ह दाबा. मी ती काढली, टॅब पुन्हा उघडले आणि त्या साइटची पडताळणी थांबली.