पॅरिस ऑलिम्पिकच्या पडद्यामागे: मुक्काम ठरवताना शेवटची गाडी पाहा

पुढच्या ऑलिम्पिकला स्वयंसेवक म्हणून जाण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी मुक्कामाची जागा स्टेडियमपासून किती किलोमीटरवर आहे हे विचारत बसू नये. पाळी संपल्यावर रात्रीच्या शेवटच्या गाडीने तिथे पोहोचता येते का, एवढे विचारावे. हे मला २०२४ च्या ऑलिम्पिकसाठी स्वयंसेवक म्हणून पॅरिसला जाण्यापूर्वी कोणीही सांगितले नाही. मी विचारले नाही असे नाही. विचारले होते आणि उत्तर मिळाले होते, की खोली स्टेडियमपासून वीस मिनिटांवर आहे. ते उत्तर खोटे नव्हते, पण दिवसा खरे असणारे उत्तर होते, आणि आमचे काम रात्रीचे होते.

साताऱ्यात शालेय आणि जिल्हा पातळीवरच्या मैदानी स्पर्धांत मी अनेक वर्षे पंच म्हणून उभी राहिले आहे, त्यामुळे २०२३ मध्ये पॅरिसच्या स्वयंसेवकांसाठी अर्ज मागवले गेले तेव्हा मी ॲथलेटिक्स मागून घेतले. सुमारे ४५ हजार स्वयंसेवकांत निवड झाली याचा आनंद फार मोठा होता, आणि त्या आनंदात एक वाक्य मी वाचूनही मनावर घेतले नाही: विमानाचे भाडे आणि राहण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. गणवेश मिळतो, पाळीच्या दिवशी जेवण मिळते, स्थानिक प्रवासाचा पास मिळतो. छप्पर मिळत नाही. पॅरिसमध्ये त्या उन्हाळ्यात छप्पर हीच सगळ्यात महाग वस्तू होती.

शहरातले दर परवडणारे नव्हते म्हणून मी ईशान्येकडच्या ओने-सू-ब्वा या उपनगरात एका घरातली खोली घेतली. नकाशावर पाहिले तर आरईआर बी या लोकलवर ला प्लेन स्टाद द फ्रान्स हे स्टेडियमचे स्थानक, आणि त्याच मार्गावर पुढे ला कूरनव्ह, ल बूर्जे, द्रांसी, ल ब्लाँ-मेनिल ओलांडले की ओने. गाडी बदलायची नाही, काही नाही. दर ठरला रात्रीला ५५ युरो. मी सामान घेऊन दारात उभी राहिले तेव्हा घरमालकाने सांगितले, की हा नेहमीचा दर आहे, ऑलिम्पिकच्या काळात रात्रीला २० युरो जास्त पडतील. व्हिसाच्या कागदपत्रांत त्याच पत्त्याचे आरक्षण दाखवलेले, रात्रीचे नऊ वाजलेले, आणि दुसऱ्या खोलीचा दर विचारण्याचीसुद्धा सोय नव्हती. ठरलेल्या रकमेचा ईमेल मी छापून नेला होता, तो पुढे केला म्हणून जादा दहा युरोंवर मिटले. तो कागद नसता तर पूर्ण वीस द्यावे लागले असते. रक्कम, तारखा आणि 'याखेरीज काही आकारले जाणार नाही' हे शब्द लेखी घ्या, आणि ते फोनमध्ये न ठेवता कागदावर ठेवा.

वीस मिनिटे म्हणजे गाडीतली वीस मिनिटे, हे मला पहिल्याच दिवशी कळले. ओनेच्या स्थानकापासून खोली पायी पंचवीस मिनिटांवर होती, आणि स्टेडियमच्या कर्मचाऱ्यांच्या दारापासून ला प्लेनच्या फलाटापर्यंतचा रस्ता, जो नकाशात दहा-बारा मिनिटांचा दिसतो, तो स्पर्धेच्या काळात कधीच तेवढ्यात झाला नाही, कारण सुरक्षेसाठी घातलेल्या कुंपणांमुळे वळसा पडतो आणि जवळजवळ पंचाहत्तर हजार प्रेक्षक एकाच वेळी बाहेर पडले की स्थानकाबाहेर पोलीस गर्दी टप्प्याटप्प्याने सोडतात.

कामाविषयी थोडे सांगते, कारण त्याशिवाय रात्र का होते ते कळणार नाही. माझ्याकडे टोपल्या होत्या. शर्यतीआधी धावपटू अंगावरचा ट्रॅकसूट, जादा बूट, पाण्याची बाटली, असे जे काही उतरवतात ते त्यांच्या मागे ठेवलेल्या टोपलीत टाकतात. ती टोपली उचलून, क्रमांकाच्या ओळीत, सगळ्यांनी एकाच चालीने मैदानाबाहेर न्यायची आणि शर्यत संपवून धावपटू जिथून बाहेर येतात तिथे त्याच क्रमाने मांडायची. फ्रेंचमध्ये टोपलीला 'पानिए' म्हणतात, आणि तो शब्द मी दिवसातून शंभर वेळा ऐकला. धावपटूशी आपण होऊन बोलायचे नाही, फोटो काढायचा नाही, टोपलीतली वस्तू घसरली तरी हाताने नीट करायची नाही, फक्त टोपली सरळ धरायची. स्टीपलचेस म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत; तिच्यानंतरच्या टोपल्या परत हातात आल्या की तळाला पाणी असायचे, कारण पाण्याच्या खड्ड्यातून सात वेळा गेलेले बूट लोक त्यातच टाकतात. त्या पुसून, कोरड्या करून, क्रमांक तपासून रचल्याखेरीज पाळी सुटत नाही. हे काम मला मनापासून आवडले. त्यातून खेळ पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी मात्र तिकीट काढून प्रेक्षकांतच बसावे.

७ ऑगस्टच्या रात्रीचे उदाहरण देते. पुरुषांच्या ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत त्या संध्याकाळी सगळ्यात शेवटी होती आणि त्यात बीडचा अविनाश साबळे होता. या शर्यतीची ऑलिम्पिक अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष. आमच्या माण तालुक्याच्या ललिता बाबरने २०१६ मध्ये रिओला महिलांची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळवला होता, तेव्हा मी टीव्हीसमोर होते. या वेळी मी शर्यतीपासून एका भिंतीच्या अंतरावर होते आणि मला काहीही दिसले नाही. बोगद्यात आवाज येतो, तो पाण्याच्या लोंढ्यासारखा येतो आणि मध्येच अडतो. एकदा तो असा अडला, की सगळ्यांनी माना वर केल्या: शेवटच्या फेरीत इथिओपियाचा लामेचा गिर्मा अडथळ्यावर पडला होता आणि त्याला स्ट्रेचरवरून नेले. मोरोक्कोचा सूफियान एल बक्काली जिंकला. साबळे ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावा आला, हे मी आतल्या पडद्यावर वाचले, आणि ओल्या टोपल्या पुसताना माझे डोळे भरून आले होते हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

त्या रात्री आम्हाला सुटायला मध्यरात्र होत आली. कर्मचाऱ्यांच्या दारातून बाहेर आले तर नेहमीचा रस्ता बंद, गर्दीसाठी लावलेले बाण दुसऱ्याच स्थानकाकडे, आरईआर डीच्या दिशेने वळवलेले, आणि ती लोकल ओनेला जात नाही. मी बाणांच्या उलट, कुंपणाच्या कडेने ला प्लेन गाठले तेव्हा फलाटावरचा फलक उत्तरेकडच्या गाडीपुढे 'देर्निए त्रँ' दाखवत होता, म्हणजे शेवटची गाडी, आणि मी जिन्यावर असतानाच तिची दारे लागली. रात्रीच्या बसचा थांबा तात्पुरता हलवला होता; कुठे हलवला ते चिकटवलेल्या कागदावर फक्त फ्रेंचमध्ये होते. पाऊण तास उभी राहून शेवटी फोनवरून गाडी बोलावली. दहा-बारा किलोमीटरला ६२ युरो पडले. शार्ल द गोल विमानतळ ते पॅरिस हा टॅक्सीचा दर तेव्हा ठरावीक होता, सीन नदीच्या उजव्या काठाला ५६ आणि डाव्या काठाला ६५ युरो, पण तो फक्त पॅरिस शहरापुरता. उपनगरातून उपनगरात जाणाऱ्याला तसे संरक्षण नाही. खोलीत शिरले तेव्हा दोन वाजून गेले होते आणि दुसऱ्या दिवशीची पाळी होतीच. असे अजून दोनदा झाले, फक्त रक्कम कमी होती. हॉटेल आणि खोली यांच्या दरातला जो फरक मी वाचवला होता, तो या तीन रात्रींत आणि जादा दहा युरोंत जवळजवळ संपला.

माझे स्पष्ट मत असे, की उपनगरातली स्वस्त खोली ही रात्रपाळीच्या स्वयंसेवकासाठी चुकीची जागा आहे. मेट्रोच्या १३ क्रमांकाच्या मार्गावर, ज्याचे सँ-दनी पोर्त द पारी हे स्थानक स्टेडियमच्या बाजूला आहे, किंवा २४ जून २०२४ पासून सँ-दनी प्लेयेलपर्यंत वाढवलेल्या १४ क्रमांकावर, दोघी-तिघींनी मिळून लहान खोली घेतली असती तर डोक्यावर पडणारा खर्च तेवढाच आला असता आणि झोप मिळाली असती. आमच्या गटातल्या ज्या मुली तशा राहिल्या त्या रोज सकाळी ताज्या दिसत. साधे तिकीटही २० जुलै ते ८ सप्टेंबर या काळात २.१५ युरोंवरून ४ युरोंवर नेले होते, तेव्हा पास हाती येईपर्यंतच्या प्रवासाचे पैसे वेगळे धरा.

आणखी एक गोष्ट मी उशिरा शिकले. गटप्रमुखाला पहिल्याच दिवशी सांगा, की माझी शेवटची गाडी अमुक वाजता आहे. तिसऱ्या वेळी मी सांगितले तेव्हा आमच्या प्रमुख बाईंनी, ज्या निवृत्त शिक्षिका होत्या, लगेच मला टोपल्या पुसण्याच्या कामातून काढून शर्यतीआधी टोपल्या रचण्याच्या कामावर घातले आणि उरलेल्या रात्री मी वेळेत सुटले. त्यांना राग आला नाही. आधी का बोलली नाहीस, एवढेच विचारले. आपल्याकडे पाळी अर्धवट सोडून जाणे कमीपणाचे मानतात, तिथे तसे मानत नाहीत, कारण कामाच्या तासांना मर्यादा असते आणि ती पाळण्याची जबाबदारी त्यांचीही असते.

१० ऑगस्टला ट्रॅकवरची शेवटची रात्र झाली. त्यानंतर चार दिवस मी पॅरिस पाहिले, ते सगळ्यांनी पाहिलेले आहे. शाकाहारी माणसाने गार द्यू नोर स्थानकाजवळच्या ला शापेल भागात जावे, तिथे तमिळ दुकानांत डोसा आणि भात पोटभर मिळतो. कर्मचाऱ्यांच्या भोजनगृहातले शाकाहारी जेवण पुरेसे होते, पण सलग आठ दिवस गार खाववत नाही.

लॉस एंजेलिसचे ऑलिम्पिक १४ जुलै २०२८ ला सुरू होईल. जाणाऱ्यांनी आपले स्टेडियम आणि पाळीची वेळ कळल्यावरच राहण्याची जागा पक्की करावी, तोपर्यंत रद्द करता येईल असेच आरक्षण ठेवावे, आणि पोहोचल्यावर पाळी सुरू होण्याच्या आदल्या रात्री, स्टेडियमच्या कर्मचाऱ्यांच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत, मध्यरात्रीच्या सुमारास एकदा घड्याळ लावून प्रत्यक्ष जाऊन पाहावे.