आहार मोजायचा, पण कुणाचा?

लातूरला शिकवणीवाल्यांच्या भागात राहते. मी आहार सर्वेक्षणाचं काम करते हे कळलं की पालक हमखास विचारतात, ‘ताई, पोराला काय खाऊ घातलं म्हणजे नीटला मार्क वाढतील?’ बदाम, अक्रोड, सकाळचा नाष्टा. नाष्टा करणाऱ्या मुलांना मार्क जास्त पडतात असं दाखवणारे अभ्यास आहेतच. पण ज्या घरात पोराला सकाळी सातला गरम पोहे मिळतात, त्या घरात बहुतेक वेळा अभ्यासाला वेगळी खोली असते आणि फीचे पैसेही असतात. त्यातले पोह्यांचे मार्क किती आणि खोलीचे किती, हे नुसतं विचारून कळत नाही.

ग्वाटेमालात हे नीट तपासलं गेलं. १९६९ ते १९७७ या काळात दोन खेड्यांत प्रथिनं असलेली पेज दिली, दुसऱ्या दोन खेड्यांत साधं गोड सरबत. पुढं ती लेकरं मोठी झाल्यावर त्यांना शोधून काढलं. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई सरासरीच्या ४६ टक्क्यांइतकी जास्त निघाली. हे सांगितलं की अकरावीतल्या पोराचे वडील जरा विचारात पडतात. मग मी म्हणते, घरात सुनेला दिवस गेलेत ना? आधी तिचं ताट बघा.

हे मी मनचं सांगत नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा आहार मोजला. एकूण उष्मांक आणि प्रथिनं यांचा बाळाच्या वजनाशी संबंध दिसला नाही. दूध, फळं आणि पालेभाजी कितीदा पोटात जाते, याच्याशी मात्र स्पष्ट दिसला. तेव्हापासून ‘पालेभाजी आठवड्यातून किती वेळा?’ हा प्रश्न मी कधी घाईत विचारत नाही.

मोजायची पद्धत तशी सोपी आहे. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय शिजलं ते विचारायचं. कालवणात डाळ, तेल, शेंगदाण्याचा कूट किती गेला ते लिहायचं, शिजून पातेल्यात किती झालं ते ठरलेल्या मापांनी मोजायचं, आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती मापं आली त्यावरून हिशोब करायचा. भाकरीचं तेवढं बघावं लागतं. औशाकडची परातभर थापलेली भाकरी आणि शहरातली लहान भाकरी कागदावर दोन्ही ‘एक’च असतात. म्हणून मी पिठाचा गोळाच वजन करून घेते.

अडतं ते शेवटच्या ताटाशी. मालक जेवले, लेकरं जेवली, सासूबाई जेवल्या, सगळं भराभर सांगून होतं. ‘आणि तुम्ही?’ म्हटलं की, ‘आमचं काय ताई, उरलंसुरलं.’ त्या उरल्यासुरल्याला माप लावायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि मी तो देते. पातेल्याच्या तळाला किती होतं, लेकराच्या ताटातलं किती उचललं, भाकरी अर्धी की चतकोर, सोबत ठेचा की नुसता चहा? नवरा शेजारी बसलेला असेल तर ती दीड भाकरी सांगते. तो उठून गेला की एक. घरातल्या एकूण शिध्याला माणसांच्या संख्येनं भागलं तर ही बाई पोटभर जेवलेली दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. ते त्या भागाकारात सापडणार नाही.

दुसरी अडचण हंगामाची. जानेवारीत गेलं तर हरभऱ्याची भाजी, करडईची भाजी, चाकवत, शेतात हुरडा. ताटं भरलेली दिसतात. मे महिन्यात त्याच घरात वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी असते किंवा तीही नसते. एकाच फेरीवर वर्षभराचा निष्कर्ष काढणारा अहवाल मला पटत नाही.

आणि जानेवारीत बीडकडच्या गावांत, विशेषतः तांड्यांवर, कितीतरी दारांना कुलूप असतं. माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. म्हातारी आणि शाळेतलं नातवंड घरी असलं तर त्यांचंच लिहून घेतलं जातं. जी बाई गरोदरपणात पहाटे उठून कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, भाकरी थापते, ती फडक्यात बांधून फडात जाते आणि दिवसभर मोळ्या वाहते, तिच्या ताटाचा आकडाच आमच्याकडं येत नाही. अहवालात कुलूपबंद घराच्या जागी शेजारचं घर येतं. म्हणजे ज्या लेकराच्या पहिल्या दोन वर्षांवर त्याची पुढची कमाई अवलंबून आहे, नेमकं तेच मोजणीतून सुटतं.

म्हणून या हंगामाआधी मी वरिष्ठांना लेखी दिलंय. कारखान्यांच्या तळांवर संध्याकाळी चुली पेटतात त्या वेळेला जाऊ द्या. मापं तीच, तक्ता तोच. फक्त एक रकाना वाढवून मागितलाय, कोण कितव्या क्रमाला जेवलं याचा.