गळ्यातला नेकबँड, एकवीस दिवस

रविवार, रात्र

गळ्यात अडकवायचा नवा ब्लूटूथ इअरफोन, म्हणजे नेकबँड, घेऊन आज एकवीस दिवस झाले. परत करायची मुदत केव्हाच संपली, पण तीन आठवडे वापरल्याशिवाय बरं-वाईट काही लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पहिल्या दिवशी कुठलाही इअरफोन छानच वाटतो. नवी वस्तू, नवा आवाज, कानही जरा हुरळलेले असतात.

आधीचा नेकबँड आठ महिन्यांत गेला. उजव्या कानाची वायर पट्टीतून जिथे बाहेर पडते तिथेच आतून तुटली. मान डावीकडे कलती ठेवली की आवाज यायचा, सरळ केली की बंद. सर्व्हिस सेंटरमध्ये घामाचं कारण सांगून हात वर केले. वॉरंटी वर्षाची होती, पण घाम तिच्यात बसत नाही म्हणे. डोंबिवलीहून दादरला रोज लोकलने जाणाऱ्या बाईने घाम न येऊ देता नेकबँड वापरायचा कसा, हे काही त्यांनी सांगितलं नाही. म्हणून या वेळी दुकानात आधी तोच सांधा बघितला. वायर जिथून निघते तिथे रबराची जाड बाही आहे का, ती वाकवली की वायर एकदम दुमडते की गोलाकार वळते. मग खोक्यावर आयपीएक्स ५ लिहिलंय का ते पाहिलं. त्याचा अर्थ पाण्याचा मारा सहन होतो, बुडवलेलं चालत नाही. बाकी सगळं नंतर. १,७९९ रुपये दिले.

लेक म्हणत होती, आई, बड्स घे, आता नेकबँड कोण वापरतं. तिचं खरंही असेल. पण सकाळी सव्वाआठच्या सुमाराच्या फास्टमध्ये चढताना कुणाचा तरी कोपर कानाला लागतोच. कानातला एक दाणा रुळांवर पडला की गेला. नेकबँडचा दाणा फार तर छातीवर लोंबतो. दिवसभर गळ्यातच असतो, शोधावा लागत नाही. फोन आला की कानात, नाहीतर दोन्ही टोकं चुंबकाने एकमेकांना चिकटली की बंद.

त्या चुंबकाचं एक लिहून ठेवते. तिसऱ्या दिवशी ऑफिसात कानात घालायला गेले तर काहीतरी टोचलं. ओढणीची सेफ्टी पिन निसटून दाण्याच्या पाठीला चिकटली होती, टोक बाहेर काढून. तेव्हापासून कानात घालण्याआधी अंगठा फिरवून बघते. मंगळसूत्र आणि केस यांचाही नेकबँडशी रोजचा झगडा आहे. पट्टी केसांच्या आतून घ्यायची आणि मंगळसूत्र कुर्त्याच्या आत, एवढं जमलं की मग गुंता होत नाही. वायर ओढणीवर घासली की मात्र कानात खर्र खर्र होतं. त्याला उपाय सापडलेला नाही.

आता आवाजाबद्दल, कारण घेतला तो त्यासाठीच.

पहिले दोन दिवस मी नाराज होते. आवाज पोकळ, तबल्याचा डग्गा पत्र्यावर वाजल्यासारखा. मग खोक्यातल्या रबरी टोप्या बदलून पाहिल्या. तीन मापांच्या येतात, आधीपासून लावलेली असते ती मधली. माझ्या डाव्या कानाला मधली नीट बसली, उजव्याला छोटी लागली. दोन कान दोन मापांचे असतील हे इतक्या वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. टोपी कानात घट्ट बसली नाही, तर खालचे स्वर फटीतून निघून जातात आणि आपण कंपनीला नावं ठेवतो. टोपी बदलल्यावर डग्गा डग्ग्यासारखा वाजायला लागला.

पुढे उलटी अडचण. ॲपमध्ये आवाजाचे चार-पाच साचे आहेत आणि कंपनीने आधीपासून लावून दिलेला होता तो बेसवाला. सिनेमाच्या गाण्यांना तो चालतो. मी गाण्याच्या मध्यमा परीक्षेपर्यंत शिकले, पुढे नोकरी-संसारात राहून गेलं, पण कान तंबोऱ्यापाशी बसून तयार झालेले आहेत. कुठलाही इअरफोन मी तंबोऱ्यावरच तपासते. पुरुषगायकाचा षड्ज, म्हणजे ‘सा’, पेटीच्या काळी एकचा धरला तर खरजाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या ‘सा’ची, तार सत्तर हर्ट्झच्या आसपास येते. बेसचा साचा नेमकी तीच पट्टी फुगवतो. मग होतं काय, खरज घुमत राहतो, डग्गा घुमत राहतो आणि जवारी, म्हणजे तारेचा तो झणकारणारा नाद, मरते. घोडीवर तारेखाली सूत सरकवून, अर्धा अर्धा केस मागेपुढे करत जी जवारी लावलेली असते, ती चिखलात जाते.

मालकंस लावला होता. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात मिळवतात. बेसच्या साच्यात मला पहिली तार मध्यमाची आहे की पंचमाची, हे सांगता येईना. रेकॉर्डिंग माझं रोजचं, उत्तर पाठ, तरी कानाला कळेना. मग साधा, काही न फुगवलेला साचा लावला. बाकी सगळं तेच. पहिली तार लगेच वेगळी झाली. नंतर यमन लावला आणि दिवे बंद करून बसले. चांगल्या मिळवलेल्या तंबोऱ्यात खरजाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार आपोआप उमटतो, स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. तो ऐकू आला. १,७९९ रुपयांच्या इअरफोनमधून, हॉलमध्ये पंखा चालू असताना. फार बरं वाटलं. माझ्यापुरती परीक्षा तिथे संपली.

त्यामुळे कोडेकची, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायच्या पद्धतींची, चर्चा मी फारशी मनावर घेत नाही. यात एसबीसी आणि एएसी आहेत, एलडॅक नाही. एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो हे खरं, पण सकाळच्या डब्यात शंभर बायकांच्या कानात शंभर ब्लूटूथ चालू असतात, सगळे त्याच २.४ गिगाहर्ट्झवर. दादरच्या पुलावर तर माझा साधा एएसीही मध्येच तुटतो, त्यातून फोन पर्समध्ये आणि पर्स दुसऱ्या खांद्यावर असली तर जास्तच. आपलं शरीरच त्या लहरी अडवतं. फोन नेकबँडच्या बाजूच्या खिशात ठेवायला लागल्यापासून कमी झालंय.

बॅटरी चाळीस तास चालते असं खोक्यावर आहे. बाहेरचा गोंगाट कमी करणारं एएनसी चालू ठेवून मला पंचवीसच्या वर मिळाले नाहीत. रविवारी एकदा चार्ज करते, शुक्रवारपर्यंत जातो. मला पुरे.

एएनसीबद्दल मात्र सविस्तर लिहायचंय, कारण घेताना माझी फसगत होता होता राहिली. स्वस्तातल्या खोक्यांवर मोठ्या अक्षरांत असतं ते ईएनसी. ते माइकसाठी. आपण बोलतो तेव्हा समोरच्याला गोंगाट कमी जावा म्हणून. आपल्या कानांना त्याचा काडीचा उपयोग नाही. एएनसी म्हणजे बाहेरचा आवाज टिपून त्याच्या उलटी लहर कानात सोडायची. ते गाडीच्या एकसुरी घरघरीवर चालतं, पंख्यावर चालतं. ‘क्लिपा घ्या, पिना घ्या’ यावर चालत नाही, ‘पुढील स्टेशन ठाणे’वरही नाही, आणि मला ते हवंच आहे. स्टेशनात उतरताना मी दोन्ही कान मोकळे करते, जिना चढून होईपर्यंत.

पण खरा फायदा आकड्यात दिसला. माझ्या फोनला आवाजाच्या पंधरा पायऱ्या आहेत. घरी रात्री पाचवर पुरतं. लोकलमध्ये जुना नेकबँड अकरावर लागायचा. हा एएनसी लावून सातवर. चार पायऱ्या खाली. जाऊन-येऊन रोज पावणेदोन तास, आठवड्याचे सहा दिवस, वर्षानुवर्षं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे: मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्यातून फार तर ४० तास ऐकावं, आणि पुढे दर ३ डेसिबलला तास निम्मे करत जावे. ९० ला आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात. माझा तर नुसता प्रवासच दहा तासांचा.

मी हे इतकं धरून बसते ते बाबांमुळे.

बाबा १९६८ ते १९८२ लालबागच्या एका कापड गिरणीत साचाखात्यात होते. साचा म्हणजे तिथला कापड विणायचा माग. शेकडो साचे एका शेडमध्ये, आठ-आठ तास. शेजारच्या साच्यावरच्या माणसाशी ओठांवरून आणि हातवाऱ्यांनी बोलायचं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, त्यानंतर ते परत साच्यावर गेले नाहीत, पण कान तोवर गेलेच होते. गोंगाटाने आधी वरचे स्वर जातात, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. माणूस बहिरा वाटत नाही, कारण खालचं सगळं ऐकू येतं. फक्त ‘स’, ‘श’, ‘फ’ गळून पडतात आणि तो सारखा ‘काय गो?’ विचारतो. बाबा मी लहान असल्यापासून ‘काय गो?’ विचारतात. आम्हाला वाटायचं, त्यांचं लक्ष नसतं.

आज दुपारी त्यांच्या कानाच्या मशीनचा सेल संपला. नवा सेल काढला. मागचं स्टिकर सोललं की आत हवा जाते आणि मगच तो चालू होतो, म्हणून मिनिटभर तसाच ठेवायचा असतो. तेवढ्यात म्हटलं, बाबा, तोवर हे ऐकून बघा. खोक्यात पडून राहिलेल्या मोठ्या टोप्या त्यांना बरोबर बसल्या. चाळीतल्या भजनी मंडळाची जुनी कॅसेट भाच्याने मोबाइलवर उतरवून दिली आहे, ती लावली. बाबा त्यात टाळ वाजवतात.

पाचवर त्यांनी नुसती मान हलवली. आठवर डोळे मिटले. पखवाजाबरोबर उजवा हात मांडीवर पडायला लागला, ठेका चोख. थाप त्यांना स्पष्ट कळत होती. बुवांचं नाव घेतलं, मग पेटी वाजवणाऱ्याचं. दोघेही आता नाहीत.

मग डोळे उघडून म्हणाले, ‘‘टाळ का थांबले गो? मी होतो ना यात?’’

दुसरा दाणा माझ्या कानात होता. टाळ वाजत होते, सगळ्यांच्या वर, खणखणीत. मी म्हटलं, ‘‘आहात बाबा. कॅसेट जुनी आहे.’’ त्यांना बरं वाटावं म्हणून अकरापर्यंत न्यायला हात गेला होता, तो मागे घेतला. आठवरच ठेवला. त्यांनी भजन शेवटपर्यंत ऐकलं. नंतर सेल घालून मशीन कानात लावलं आणि चहा मागितला.

संध्याकाळी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजाची मर्यादा आठवर बांधली. लेकीच्या फोनवर अजून राहिली आहे. ती क्लासहून साडेनऊला आली, जेवून तशीच झोपली. उद्या सकाळी डबा भरता भरता तिचा फोन मागून घेते.