वरच्यांचं पाणी

आधी छतावर एक पिवळसर कडा उमटते. मग रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, आणि मग नेमका आंघोळ करणाऱ्याच्या पाठीवर गार थेंब. खालचे वर जाऊन बेल वाजवतात. "काकू, तुमचं बाथरूम गळतंय हो." काकू दार उघडून दाखवतात, "बघा ना, आमच्याकडे तर सगळं कोरडं ठणठणीत आहे." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

कारण गळतीचा कारभार चालतो तो वरच्यांची लादी आणि खालच्यांचं छत यांच्या मधल्या जागेत. बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा नऊ इंच ते फूटभर खाली टाकलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप, नहाणी ट्रॅप (म्हणजे सांडपाणी जाळीतून खाली उतरतं ते भांडं), त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे भराव, आणि मग लादी. लाद्यांच्या सांध्यांतून झिरपलेलं पाणी कोब्यात मुरतं आणि तो भरला की स्लॅबच्या बारीक तड्यांतून खाली उतरतं. म्हणून वरचे गावाला गेले तरी खाली चार-आठ दिवस टपकत राहतं. "आम्ही तर इथं नव्हतोच" हा बिनतोड वाटणारा मुद्दा तेवढ्यापुरता तरी फुकट जातो.

प्लंबरला फोन करण्याआधी पेन्सिल घ्या. ओलीच्या कडेने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, फोटो काढा. पंखा किंवा दिवा ओलीत असेल तर त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे मीटरच्या बोर्डावरचा खटका, आधी पाडा. मग चार-सहा दिवस नुसतं बघत राहा. सकाळी आंघोळी आटोपल्यावर थेंब वाढतात आणि दुपारी ओसरतात, तर संशय सांडपाण्यावर, म्हणजे ट्रॅप, त्याचा सांधा किंवा लादी. अहोरात्र एकाच लयीत टपकत असेल तर भिंतीतली नळाची लाइन बघायची, कारण ओव्हरहेड टाकीचा दाब तिच्यावर चोवीस तास असतो. अर्थात तुडुंब भरलेला कोबाही असाच एकसारखा गळतो. जून ते सप्टेंबर ओल आणि दिवाळीला कोरडं, तर काकूंची माफी मागा आणि बाहेरच्या भिंतीकडे बघा. डक्टमधल्या, म्हणजे पाइप उतरतात त्या बोळातल्या, पाइपाच्या सांध्यात पिंपळाचं रोप हमखास सापडतं.

खात्री करायला तोडफोड लागत नाही. आधी बादलीतलं पाणी लादीवर न सांडता नळीने थेट नहाणी ट्रॅपमध्ये सोडायचं. खाली गळती वाढली तर दोष ट्रॅपच्या सांध्यात. नाही वाढली तर ट्रॅप बंद करून लादीवर उंबऱ्याच्या आत दीड-दोन इंच पाणी २४ ते ४८ तास उभं करायचं आणि पातळीची खूण करायची. पाण्यात रंग टाकतात तो जरूर टाकावा, पण कोब्यातून गाळून येताना तो फिका होतो. रंग उतरला नाही म्हणजे बाथरूम निर्दोष सुटलं असं नाही. नळाच्या लाइनसाठी तोट्या काढून तोंडं बंद करतात आणि हाताने चालवायच्या छोट्या पंपाने दाब देतात. त्याच्या दाबमापकाचा काटा घसरला की लाइन फुटकी.

लाद्यांचे सांधे खराब होतात कशाने? आपल्याकडे बहुतेक वेळा ऍसिडने. दर रविवारी बाथरूम ऍसिडने घासून लख्ख करणाऱ्या घराचं खालच्या घराशी वाकडं येणार हे ठरलेलं, कारण ऍसिड सांध्यातलं सिमेंट खातं. त्यावर पांढरं सिमेंट भरून जाणारा कारागीर तुम्हाला फार तर एक पावसाळा देतो. सांधे खरवडून, पूर्ण सुकवून एपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी रेझिनचा सांधे भरायचा मसाला) भरलं तर ते टिकतं. दोष सांध्यांतच असेल तर एवढ्यावर भागतंही.

"खालूनच केमिकल मारून देतो, वरच्यांना त्रास नको" म्हणणाऱ्यापासून मात्र सावध. तडा बुजतो, पण कोब्यातलं पाणी तसंच राहतं आणि शेजारचा तडा शोधतं. स्लॅबमधली सळई ओलीच राहते, गंजून फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. खाली पीओपीचं छत करून घेणं तर त्याहून वाईट: गळती दिसायची बंद होते, इतकंच.

लादी काढायचीच झाली तर थेट स्लॅबपर्यंत जावं. भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यात मसाल्याचा गोलसर वाटा मारायचा, ट्रॅपभोवती आणि पाइप स्लॅबमधून जातो तिथं न आकसणारं ग्राउट भरायचं, मग पाणी अडवणाऱ्या पॉलिमर-सिमेंटच्या लेपाचे दोन हात, एक उभा, एक आडवा. भिंतीवर निदान फूटभर, शॉवरखाली डोक्यापर्यंत. सगळ्यांना घाई असते ती इथं. दुसरा हात पुरता वाळायच्या आत कोबा पडतो आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. कोटिंग वाळल्यावर पुन्हा ४८ तास पाणी उभं करा, आणि त्या दोन दिवसांत काकूंना खाली बोलवून छत दाखवा, चहाही होतो. मग कोबा, ट्रॅपकडे आठ फुटांना साधारण एक इंच उतार देऊन, आणि लादी.

खर्चाचं म्हणाल तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचा ढोबळ हिशोब असा: पावसाचं पाणी, बाहेरच्या सामाईक पाइपलाइन आणि ड्रेनेज लाइन यांची गळती संस्थेकडे, घरातल्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सभासदांकडे. वरचे दारच उघडत नसतील तर सचिवांना लेखी अर्ज द्या, सोबत ते तारखांचे फोटो. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या टोमण्यांना आवक क्रमांक मिळत नाही.

गळती थांबली की लगेच रंगारी बोलावू नका. छतावर फूटभर चौकोनी प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने डकवा. दुसऱ्या दिवशी आतून दव धरलेलं दिसलं तर स्लॅब अजून ओला आहे. महिनाभर लागू शकतो, पावसाळ्यात जास्तच. रंग मारण्याआधी फुगलेला गिलावा पोकळ वाजतो तिथपर्यंत काढा आणि पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. आणि वरच्यांना सांगा, नव्या लाद्या घेताना चार-पाच जास्त घेऊन माळ्यावर टाका. पुढच्या वेळी तो रंग दुकानात मिळत नाही.