आमची वाटचाल : वाळ्याच्या अर्कापासून टोनरपर्यंत

फोंडा तालुक्यातील म्हार्दोळ येथे आम्ही दोघी जावा चालवीत असलेला हा उद्योग मुळात टोनरचा, म्हणजे तोंड धुतल्यावर चेहऱ्याला लावायच्या पाण्यासारख्या द्रवाचा, नव्हता. वाळ्याच्या मुळांचे तेल काढून ते अगरबत्ती व साबण करणाऱ्यांना विकणे, एवढाच त्याचा व्याप होता. म्हार्दोळ म्हटले की लोकांना जायांची फुले आठवतात आणि ‘जाईचा अर्क का काढत नाही?’ असे हमखास विचारले जाते. परंतु जाईचा सुगंध वाफेच्या उष्णतेत टिकत नाही. वाळ्याचे तसे नाही. धुऊन, कापून, रात्रभर भिजविलेल्या मुळांतून तासन्‌तास वाफ सोडल्यावर तेलाचा पातळ थर वर येतो आणि त्याखाली मातीच्या वासाचे पाणी उरते. काजूच्या मोसमात फेणीच्या भट्ट्या पाहिलेल्या गोवेकराला ही क्रिया समजावून सांगावी लागत नाही. शेजारणी ते पाणी चेहऱ्याला लावण्यासाठी बाटल्या घेऊन येऊ लागल्या, तेव्हा टोनरचा विचार सुरू झाला.

हे पाणी, म्हणजे नुसता अर्क, बाटलीत भरून विकणे मात्र आम्हाला मान्य नव्हते, कारण येथल्या दमट हवेत अशा पाण्यात जंतू व बुरशी लवकर वाढतात. म्हणून त्यात सोडियम बेन्झोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही परिरक्षके (जंतू व बुरशी रोखणारी द्रव्ये), ओलावा धरून ठेवण्यासाठी थोडे ग्लिसरीन आणि आम्लता राखण्यासाठी सायट्रिक आम्ल घातले. ही परिरक्षके आम्लधर्मी द्रावणातच नीट काम करतात, आणि निरोगी त्वचेचा पीएचही (आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण 5 च्या आसपास असतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी जुळून आल्या. ‘रसायन नको’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांशी आजही आमचा वाद होतो. आम्ही माघार घेत नाही. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने बनवायची तर 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार परवाना लागतो. तो हाती आल्यावरच लेबले छापली.

लेबलावरूनच एका घाऊक विक्रेत्याशी आमचे फिसकटले. ‘रंध्रे (त्वचेवरची बारीक छिद्रे) बंद करते’ अशा अर्थाचे शब्द त्यांना हवे होते. रंध्रांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात. तेल व मळ निघाला की ती फार तर बारीक दिसतात. पूर्वीच्या टोनरमध्ये अल्कोहोल पुष्कळ असे आणि ते लावल्यावर त्वचा ताणल्यासारखी वाटे, त्यातूनही हा समज पसरला असावा. साबणाचा पीएच 9 ते 10 असल्याने त्याने तोंड धुतल्यावर त्वचा काही काळ कोरडी पडते, तेथे टोनरने बरे वाटते. सौम्य फेसवॉश वापरणाऱ्याचे टोनरावाचून अडत नाही, हेही आम्ही दुकानात सांगतो. धाकट्या जाऊबाईंना हे सांगणे सुरुवातीला धंद्याच्या मुळावर येईल असे वाटले होते, पण तीच गिऱ्हाइके पुन्हा येतात.

वापरण्याची रीत साधी आहे. कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबावे. खाज वा लाली आली नाही, तर तोंड धुतल्यावर त्वचा किंचित ओली असतानाच तळहातावर घेऊन चेहऱ्यावर हलके थापावे, त्यावर मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन लावावे. टोनरने उन्हापासून संरक्षण मिळत नाही. पणजीतील मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणारे, हेल्मेट काढल्यावर मारण्यासाठी फवाऱ्याची लहान बाटली मागतात, म्हणून 100 मिलिलिटरच्या जोडीने 30 मिलिलिटरची बाटलीही आता आम्ही भरतो.